पोटगी द्या, पण पोलीस ठाणं कशाला?

उत्तराखंडात 27 जानेवारी 2025 ला समान नागरी कायदा लागू झाला, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिव्ह-इनवरून खडाजंगी चालू आहे. लग्नाशिवाय एकत्र राहायचं तर महिनाभरात नोंदणी करा, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. नोंदीची माहिती पोलीस ठाण्यात जाते. दोघांपैकी कुणी 21 वर्षांखालचं असेल तर आईवडिलांनाही कळवतात. काका म्हणतात, जबाबदारी टाळणाऱ्यांना चाप बसेल. मला हे अजिबात पटत नाही.

मी राहतो त्या स्वीडनमध्ये निम्म्याहून जास्त मुलं आईवडिलांचं लग्न झालेलं नसताना जन्मतात. अशा जोडप्यांना ‘साम्बो’ म्हणतात. त्यांच्यासाठी 2003 चा कायदा आहे, पण नोंदणीची सक्ती नाही. एकत्र राहण्यासाठी घेतलेलं घर आणि त्यातलं सामान, कुणाच्याही नावावर असलं तरी, वेगळं होताना निम्मं-निम्मं वाटून मागता येतं. बँकेतली शिल्लक ज्याची त्याची.

मृत्यूच्या बाबतीत मात्र हा कायदा तोकडा पडतो. साम्बोला वारसाहक्क नाही. म्हणून शेजारच्या जोडप्याने मृत्युपत्र केलं आणि साक्षीला मला बोलावलं. दोन साक्षीदार एकाच वेळी समोर लागतात, जवळचे नातलग चालत नाहीत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आधी त्यांनी सह्या केल्या, मग आम्ही. मजकूर साक्षीदारांनी वाचावा लागत नाही. आपल्या माघारी जोडीदार बेघर होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. लग्न न करताही जोडीदाराची एवढी काळजी; उलट नवऱ्याचं खातं कुठल्या बँकेत आहे हे ठाऊक नसलेल्या कितीतरी बायका मी आपल्याकडे, रीतसर लग्नाच्या संसारांत पाहिल्या आहेत.

भारतात 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने लग्नासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षण दिलं, पण नातं तसं होतं हे तिनेच कोर्टात सिद्ध करायचं. 2013 च्या इंद्रा सर्मा खटल्यात, पुरुष विवाहित आहे हे बाईला माहीत होतं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तिला हे संरक्षण नाकारलं. अशा बायकांचा विचार संसदेने करावा, असंही न्यायालय म्हणालं. तिथे खरं काम आहे.

उत्तराखंडच्या याच कायद्यात सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येते, मुलं औरस ठरतात. काका, ही कलमं महाराष्ट्राने उद्या आणावीत, मी तुमच्या बाजूने बोलेन. पण घरच्यांच्या धाकाने गाव सोडून पुण्यात खोली घेतलेल्या आंतरजातीय जोडप्याचा ठावठिकाणा सरकारनेच आईबापांना कळवायचा, याला मी कधीच हो म्हणणार नाही.