नळाचा दिवस आणि बाईची हजेरी

"आपल्याकडच्या बायकांना कामाची आवडच नाही," असं सोलापुरात राहून कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. पूर्व भागात एक चक्कर मारा. घराघरात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसतील. सकाळी माल जमा करायचा, पान-तंबाखू आणायची, पान भिजवून कात्रीनं कापायचं आणि स्वयंपाक, पोरं, धुणं सांभाळत हजार पुरे करायचे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. यंत्रमागावरही कांड्या भरणं बायकांकडंच. तरी विचारलं तर उत्तर एकच, "ती घरीच असते."

तंबाखूची धूळ छातीत जाते हे तिला कळत नाही का? कळतं. पण विडी मूल निजल्यावर वळता येते, कारखान्यातली नोकरी तशी करता येत नाही.

आमच्या गल्लीतली एक बी.कॉम. झालेली सून गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघायची. नोकरी गेली ती पाण्यापायी. आपल्याकडं वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळ येतो. सासूचे गुडघे गेलेले, नवरा पाळीवर. पिंप, टाकी, हंडे भरेपर्यंत दहा वाजायचे. मालकानं दोनदा समजावलं, मग हिशेब करून दिला. त्या घरात पाणी भरणं नवऱ्याचंही काम आहे, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही! २०१९ च्या सरकारी पाहणीत बिनपगारी घरकामाला बाई दिवसाला २९९ मिनिटं देते आणि पुरुष ९७, असं निघालं. मला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

देशात १५ वर्षांवरील बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाल्या. आनंद आहे, पण घरच्या शेतात, दुकानात बिनपगारी राबणारीही त्यातच धरलेली असते. तिच्या हातात पैसा आला का, हे या आकड्यावरून कळत नाही.

मातृत्व लाभ कायद्यात पाळणाघराची सक्ती २०१७ मध्ये आली, पण ती ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना. आपले बहुतेक कारखाने त्याहून लहान, म्हणजे कायदा आपल्या दारापर्यंत येतच नाही. अंगणवाडी दुपारीच सुटते. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवायची सोय आहे. ते आधी पूर्व भागात आणि विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत, संध्याकाळी कारखाने सुटेपर्यंत चालू करा. आणि नळाची वेळ कामावर जाणाऱ्या बाईला विचारून ठरवा. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारणार आहे, तुम्हीही विचारा.