बॅटरसीचा जुना टाउन हॉल आणि आपल्या कुलूपबंद नगरपालिका

लंडनला येणारे आपले लोक किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर आवर्जून पाहतात, आणि पाहायलाच हवं. पण थेम्सच्या दक्षिणेला लॅव्हेंडर हिलवर आणखी एक वास्तू आहे. तिचं मुंबईशी जवळचं नातं आहे, तरी ती कुणाच्या यादीत नसते. बॅटरसीचा जुना टाउन हॉल. आता तिथे बॅटरसी आर्ट्स सेंटर चालतं.

१८९३ ची ही इमारत. वास्तुविशारद एडवर्ड माउंटफर्ड. ओल्ड बेलीचं प्रसिद्ध कोर्टही पुढे त्यांनीच बांधलं. पण मला इथे ओढ लागते ती दगडविटांची नाही, इथे बसून कारभार केलेल्या माणसांची. बॅटरसी तेव्हा कामगारांची वस्ती. इथल्या कौन्सिलने ठेकेदारांना बाजूला सारून स्वतःच्या मजुरांकडून घरं बांधून घेतली. १९०३ ची ती लॅचमियर इस्टेट आजही नांदती आहे. १९१३ मध्ये जॉन आर्चर इथे महापौर झाले. वडील बार्बाडोसचे, आई आयरिश, पोटापाण्याचा धंदा फोटोग्राफीचा. लंडनमधल्या बरोचे, म्हणजे शहराच्या स्वतंत्र कौन्सिल असलेल्या विभागाचे, ते पहिले कृष्णवर्णीय महापौर.

पुढे याच आर्चरनी एका मुंबईकराच्या निवडणुकीची धुरा उचलली. शापूरजी सकलातवाला! जमशेटजी टाटांचे भाचे. मुंबईत प्लेग आला तेव्हा प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्याबरोबर काम केलेले. १९२२ मध्ये ते नॉर्थ बॅटरसीतून पार्लमेंटवर निवडून गेले, वर्षभरात पडले आणि १९२४ मध्ये कम्युनिस्ट म्हणून पुन्हा निवडून आले. साम्राज्याच्या राजधानीत, इंग्रज कामगारांच्या मतांवर, साम्राज्याच्याच विरोधात बोलणारा आपल्याकडचा माणूस खासदार होता. आपल्या शाळेच्या इतिहासात हे एका ओळीतसुद्धा शिकवलं गेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१९६५ मध्ये बॅटरसी शेजारच्या वँड्सवर्थ बरोमध्ये विलीन झालं आणि टाउन हॉलचं कामच संपलं. १९७४ पासून तिथे कलाकेंद्र सुरू झालं. कौन्सिलच्या सभागृहात आता नाटकं होतात. पूर्वी नगरसेवक जिथे भांडायचे तिथे आज वस्तीतली पोरं बीटबॉक्सिंग (तोंडाने ताल-ठेके काढणं) शिकून रंगमंचावर उभी राहतात. मला यात वारशाचा अपमान दिसत नाही, उलट इमारत ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्याच हातात राहिली असं वाटतं.

१३ मार्च २०१५ ला इथल्या ग्रँड हॉलला आग लागली. छत कोसळलं. सुदैवाने १९०१ च्या ऑर्गन या भल्यामोठ्या वाद्याचा मोठा भाग दुरुस्तीसाठी बाहेर गेला होता, तो वाचला. दुसऱ्याच दिवशी इमारतीच्या पुढच्या भागात लोकांसाठी दारं उघडली. २०१८ मध्ये हॉल परत सुरू झाला, आणि तो कसा केलाय ते जाऊन बघाच. आगीने सोलवटलेल्या भिंती तशाच ठेवल्यात. कुठे काळपट वीट, कुठे जुन्या रंगाचे पापुद्रे, कुठे पिवळट गिलावा. वर मान केली की जुन्या प्लास्टरच्या छतावरची नक्षी आता लाकडी जाळीत दिसते. सगळं पूर्वीसारखं गुळगुळीत करायला हवं होतं, असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. आगही आता त्या इमारतीच्या इतिहासाचा भाग झालीय, ती का पुसायची?

आता आपल्याकडे या. नवी प्रशासकीय इमारत झाली की जुन्या नगरपालिकेला कुलूप लागतं. आमच्या गावच्या जुन्या इमारतीत मोडक्या खुर्च्यांचा ढीग आहे, खिडकीतून डोकावलं की भिंतीवर माजी नगराध्यक्षांच्या तसबिरी कलंडलेल्या दिसतात. माझ्या आजोबांनी घरपट्टी भरायला ज्या पायऱ्या झिजवल्या, त्यांवर आता गवत आहे. पाडून व्यापारी संकुल करायचं, नाहीतर पडेपर्यंत वाट पाहायची, एवढे दोनच पर्याय आपल्याला का सुचतात? अभ्यासिका करा, तालमीला जागा द्या, बचत गटांना खोली द्या. आणि ठरावांची जुनी पुस्तकं आधी कोरड्या जागी हलवा, कारण गावात नळ कधी आला, शाळा कुणी मागितली, हे फक्त त्यांच्यातच लिहिलेलं आहे.

तुमच्या गावच्या जुन्या नगरपालिकेचं आज काय झालंय, फोटोसकट कमेंटमध्ये लिहा. आणि लंडनला आलात तर वॉटर्लूहून क्लॅपम जंक्शनची गाडी पकडा, तिथून चालत जाता येतं.