सिनेमा पाहिला म्हणून सबस्क्रायबर टिकला?

‘मोठा नवा सिनेमा आणा, सबस्क्रायबर टिकतात. ज्यांनी तो पाहिला, त्यांच्यात सोडून जाणारे कमी असतात, हा घ्या पुरावा.’ ओटीटीबद्दल हे विधान सर्रास केलं जातं. आकडा खरा असेलही, पण त्यातून हा निष्कर्ष निघत नाही.

पहिली चूक तुलनेतच आहे. ज्याने दोन महिने ॲप उघडलंच नाही, तो नवा सिनेमाही पाहत नाही आणि पुढचे पैसेही भरत नाही. रोज जेवताना काहीतरी लावणारा माणूस सिनेमा आला नसता तरी राहिला असता. टिकणारेच पाहतात; पाहिल्यामुळे टिकले, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

‘सिनेमाने आलेली गर्दी राहते’ हेही तपासू. 2020 मध्ये ‘हॅमिल्टन’ डिस्ने प्लसवर आणि ‘वंडर वुमन 1984’ एचबीओ मॅक्सवर आला. अँटेना या संस्थेच्या अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार, पहिल्या तीन दिवसांत सामील झालेल्यांपैकी जवळपास निम्मे सहा महिन्यांत गेले. पण इथेही घाई नको. एरवीच्या आठवड्यात आलेल्यांपैकी किती जातात, तो आकडा शेजारी हवाच.

एकूण सबस्क्रायबर मोजून तर काहीच कळत नाही. 2022 च्या पहिल्या तिमाहीत आलेले-गेलेले सगळे धरून नेटफ्लिक्सचे 2 लाख सबस्क्रायबर घटले. रशियातली सेवा थांबवल्यामुळेच 7 लाख गेले होते. ती घट कोणत्या सिनेमाच्या नावावर टाकणार? आपल्याकडेही वार्षिक पॅक घेतलेला माणूस वर्षभर ‘टिकलेला’च दिसतो. मासिकवाले वेगळे काढा.

‘मग मोजायचं तरी कसं?’ सिनेमा कुणापासून लपवता येत नाही, पण त्याची जाहिरात लपवता येते. चिठ्ठ्या टाकून सबस्क्रायबरांचे दोन गट करा. एका गटाला होम स्क्रीनवर बॅनर आणि नोटिफिकेशन द्या, दुसऱ्याला नको. मग दोन्ही गटांतले सगळे मोजा, फक्त पाहणारे नव्हेत. इथेच बहुतेक जण घसरतात. 30 आणि 90 दिवसांनी कोणत्या गटात जास्त टक्के उरले? टक्क्यांतला तो फरक बॅनरमुळे वाढलेल्या प्रेक्षकांच्या प्रमाणाने भागला, की त्या वाढीव प्रेक्षकांवर सिनेमाचा काय परिणाम झाला याचा अंदाज मिळतो.

माझा जीव अडकतो तो छोट्या मराठी सिनेमात. तो नवे ग्राहक फारसे आणत नसेल, पण घरातल्या आजी-आजोबांसाठी चालू ठेवलेलं सबस्क्रिप्शन त्याच्यामुळे टिकत असेल, तर ते कुणीतरी मोजायला हवं. नाहीतर निर्माता वाटाघाटीला कोणता आकडा घेऊन बसणार?