फिजीचं उदाहरण अर्धवट देऊ नका

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुलै २०२५ मध्ये पेटलेलं भांडण अजून विझलेलं नाही. पहिलीपासून हिंदी सक्तीचे शासन निर्णय सरकारने जूनच्या अखेरीस मागे घेतले, पाठोपाठ मीरा रोडला मराठी न बोलल्यावरून एका दुकानदाराला मारल्याची चित्रफीत आली, आणि ग्रुपचे दोन तट पडले. डोंबिवलीचा मामेभाऊ एका बाजूला, पुण्याचा आतेभाऊ दुसऱ्या बाजूला. वाद भाषेवरून कोकणातल्या जमिनींवर घसरला. मग मामेभावाने कुठून तरी मिळवलेला मजकूर टाकला: ‘फिजीकडून शिका. तिथे ८७ टक्के जमीन मूळ लोकांसाठी राखीव आहे, एक गुंठासुद्धा उपऱ्याला विकता येत नाही. आपण कोकण विकून बसलो.’ त्यावर आतेभाऊ: ‘त्याच फिजीत आपल्या लोकांना बंदुका दाखवून सत्तेवरून हाकललं. तेच हवंय का तुम्हाला?’ आणि शेवटी दोघांचं एकमत कशावर, तर ‘ताई, तू सांग, तू तिथेच आहेस ना.’

मी सांगायला गेले, तेव्हा दोघांनाही ते रुचलं नाही. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस, असंही ऐकून घ्यावं लागलं. म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी फिजीच्या राजधानीत, सुवात राहते, इथल्या एका कंपनीचे हिशेब बघते. या देशाचा कुणी सोयीपुरता तुकडा तोडून वापरला की मला राग येतो, आणि तो का येतो हेही सांगणार आहे.

फिजी म्हणजे तीनशेहून जास्त बेटं, पण माणसं आणि सत्ता मुख्यतः दोन बेटांवर, व्हिती लेवू आणि व्हानुआ लेवू. व्हिती लेवूच्या मधोमध डोंगर आहेत आणि वारा आग्नेयेकडून येतो. त्यामुळे सुवाच्या बाजूला पाऊस धो धो कोसळतो आणि नांदी, लौटोका, बा ही पश्चिमेची बाजू कोरडी राहते. घाटमाथा ओलांडला की चिपळूणचा पाऊस कराडच्या पुढे विरत जातो, तसंच. ऊस त्या कोरड्या बाजूला आणि व्हानुआ लेवूवर लंबासाच्या आसपास होतो. फिजीचं सगळं राजकारण त्या उसाच्या फडांत उगवलेलं आहे.

१० ऑक्टोबर १८७४ ला थाकोम्बाऊ आणि इतर सरदारांनी बेटं ब्रिटिशांच्या हवाली केली. पुढच्याच वर्षी गोवराची साथ आली आणि ईतौकेई, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजाचा मोठा हिस्सा तिने नेला. नवे गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी दोन गोष्टी ठरवल्या: ईतौकेईंची जमीन विकू द्यायची नाही आणि त्यांना मळ्यांवर राबायला लावायचं नाही. मामेभावाला आवडलेला कायदा तो हा. पण वसाहत चालवायला पैसा हवा होता, पैशासाठी साखर हवी होती आणि साखरेसाठी माणसं. ती भारतातून आणली. १४ मे १८७९ ला ‘लिओनिदास’ हे पहिलं जहाज आलं, शेवटचं १९१६ मध्ये. सुमारे ६०,००० माणसं पाच वर्षांच्या करारावर, गिरमिटावर, इथे उतरली. एका समाजाची जमीन शाबूत राहिली त्याची किंमत दुसऱ्या समाजाने गाव सोडून चुकवली, आणि त्या दोघांना कुणीही विचारलं नव्हतं. हा कायदा हवा म्हणणाऱ्याने हे अर्धं पानसुद्धा वाचावं. ऊस कोण तोडणार, हा प्रश्न तिथेही होता आणि बीडच्या ऊसतोड कामगारांकडे बघितलं तर आपल्याकडे आजही आहे.

गिरमिट बंद करण्याचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात पहिल्यांदा कुणी मांडला? कोतळूकच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, मार्च १९१२ मध्ये. तो फेटाळला गेला. गोखले १९१५ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी मदनमोहन मालवीयांनी तोच मुद्दा लावून धरला, तेव्हा सरकारने मान्य केलं. रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस बिहार आणि मद्रासच्या मजुरांसाठी भांडत होता. मराठी अस्मितेच्या आपल्या गोष्टीत हे पान का नसतं?

आता ८७ टक्क्यांबद्दल. आकडा खरा आहे. ती जमीन मतंगालींच्या, म्हणजे कुळशाख्यांच्या मालकीची आहे आणि तिचा कारभार १९४० पासून एक मंडळ बघतं. विक्री बंद, पण भाडेपट्टा चालतो. बहुतेक भारतीय शेतकऱ्यांचा ऊस अशा पट्ट्यावरच उभा होता. १९७६ च्या कायद्याने पट्टे, आधीपासून चालू असलेलेही, तीस वर्षांचे झाले आणि १९९७ पासून त्यांच्या मुदती एकामागोमाग संपू लागल्या.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या दीदी लंबासाकडच्या. त्यांच्या वडिलांचा पट्टा असाच संपला. जमीन दुसऱ्याची, पण वर बांधलेलं लाकडी घर त्यांचं. वडिलांनी आणि काकांनी छपराचे पत्रे उतरवले, प्रत्येक पत्र्यावर आणि वाशावर लाल रंगाने आकडे घातले, सगळं ट्रकवर चढवलं, बोटीने इकडे आणलं आणि नौसोरीच्या बाजूला दुसऱ्या भाड्याच्या तुकड्यावर त्याच आकड्यांच्या क्रमाने उभं केलं. मी त्या घरी दिवाळीला जाते. ओसरीवर बसून वर बघितलं की वाशावरचा १४ अजून वाचता येतो. पणजोबांनी साफ केलेली जमीन होती, दीदी सांगतात, आणि त्यांच्या आवाजात कडवटपणा नसतो. तो माझ्या आवाजात येतो.

पण दुसरी बाजूही मी इथेच ऐकली. १९७६ च्या त्या कायद्यात भाडं सुधारणा न केलेल्या जमिनीच्या किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंतच घेता येत असे. त्यातून मंडळाचा खर्च वजा, मग सरदारांचे हिस्से, आणि उरेल ते सगळ्या मतंगालीत वाटायचं. आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर म्हणतो की त्याच्या वाट्याला मुलाच्या वह्यांचेही पैसे येत नसत. समोरचा माझ्या जमिनीवर ऊस काढून मुलं ऑकलंडला पाठवतो आणि मी मालक असून नुसता ड्रायव्हर, असं त्याला वाटे. मालकालाही फसवल्यासारखं वाटावं आणि कुळालाही, अशी ही व्यवस्था. ती कोकणात आणा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: आपल्याकडे कुळकायद्याच्या केसेस तीन तीन पिढ्या चालतात, त्यात अजून किती भर घालायची आहे?

आणि आतेभावा, तुझंही अर्धंच आहे. ‘आपल्या लोकांचं सरकार पाडलं’ म्हणतोस. १९८७ मध्ये निवडून आलेले पंतप्रधान बवांद्रा स्वतः ईतौकेई होते. त्यांच्या सरकारला भारतीय मतांचा आधार होता, एवढ्यावरून १४ मे १९८७ ला, म्हणजे पहिलं जहाज आलं त्याच तारखेला, लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राम्बुकांनी संसदेत सैनिक घुसवले. २००० मध्ये मात्र पंतप्रधान महेंद्र चौधरी होते, या पदावर पोचलेले पहिले भारतीय वंशाचे. जॉर्ज स्पेट या बंडखोराने त्यांना ५६ दिवस ओलीस ठेवलं. २००६ चा लष्करप्रमुख बैनीमारामांचा उठाव तर ईतौकेई नेत्याच्याच सरकारविरुद्ध होता.

मला यातून जे दिसतं ते दोघांनाही सांगायचं आहे. १९८७ मध्ये ईतौकेईंची जमीन कुणी घेऊ शकत नव्हतं. १९७० च्या घटनेत सरदारांच्या महापरिषदेच्या प्रतिनिधींना सिनेटमध्ये जमिनीच्या कायद्यांवर नकाराधिकार होता. इतकी भक्कम तटबंदी असूनही भीती गेली नाही, कारण भीती खुर्चीची होती. १९४६ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक संख्येने पुढे गेले आणि तेव्हापासून ‘आपल्याच देशात आपण अल्पसंख्य’ हे वाक्य इथल्या प्रत्येक निवडणुकीत फिरत राहिलं. दादर-परळमध्ये वाढलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही. मलाही नाही. मी ते वाक्य तुच्छ मानत नाही. पण जमिनीच्या कायद्याने ते मिटत नाही आणि दुकानदाराच्या थोबाडीत मारून तर नाहीच. इथे ते मिटवायला गेले तेव्हा आधी डॉक्टर, शिक्षक, परिचारिका देश सोडून गेल्या. भारतीय वंशाचे लोक जवळपास निम्मे होते, ते आता साधारण एक तृतीयांश आहेत. त्यांच्या जागी इथल्या खेड्यातल्या दवाखान्यांना माणसं मिळेनात. त्याचा फटका कुणाला बसला, हे आमच्या ड्रायव्हरला विचारा.

भाषेचं म्हणाल, तर पहिलीपासूनच्या हिंदीला माझा विरोध होता आणि आहे. पण इथली सक्ती कशी आहे ते बघा. २०१३ च्या घटनेचं ३१ वं कलम म्हणतं की सगळ्या प्राथमिक शाळांत बोलीभाषेतली ईतौकेई आणि फिजी हिंदी, दोन्ही शिकवल्या जाव्यात. म्हणजे एकमेकांची भाषा दोघांनी शिकायची. माझ्या मुलीच्या शाळेत ईतौकेईचा तास बराचसा गाण्यांतच जातो, अंमलबजावणी काही आदर्श नाही. तरी लंबासाच्या बाजारात दालो, म्हणजे अळूचे कंद, विकणारी ईतौकेई बाई माझ्याशी झरझर हिंदी बोलते, माझ्यापेक्षा चांगली. महाराष्ट्राच्या शासन निर्णयात लखनौच्या मुलाने मराठी शिकायची सोय कुठे होती? हा मुद्दा हिंदी सक्तीविरोधी आंदोलनात यायला हवा होता. तो आला असता तर मीसुद्धा इथून टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि भूमिपुत्र म्हणजे कोण? इथे ईतौकेई हे या बेटांवर सुमारे ३,००० वर्षांपूर्वी आलेल्यांचे वंशज आहेत, त्यांच्या दाव्याला तो आधार आहे. आपण मराठी माणसं हा शब्द स्वतःसाठी वापरतो तेव्हा रायगडातले कातकरी कुठे असतात? त्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, असा कायदा महाराष्ट्रातही आहे. त्या कायद्याची पायमल्ली करणारे सगळेच काही परप्रांतीय नव्हते. ग्रुपवर हे लिहिल्यावर दोन दिवस कुणी काही बोललं नाही.

मे २०२३ मध्ये गिरमिटाच्या दिवसानिमित्त इथे पहिल्यांदा सार्वजनिक सुट्टी होती. पुन्हा निवडून येऊन पंतप्रधान झालेल्या राम्बुकांनी त्याच १४ मे ला १९८७ च्या उठावांबद्दल जाहीर माफी मागितली. आधी १९९७ मध्ये याच राम्बुकांनी विरोधी पक्षनेते जयराम रेड्डींबरोबर बसून नवी घटना घडवली होती आणि त्या वेळी रेड्डी सरदारांच्या महापरिषदेपुढे बोलले होते. असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. दीदींच्या घरी आम्ही ती माफी टीव्हीवर बघितली. त्यांचे वडील उठून बाहेर गेले, काका रडले. मी मध्येच बसले होते आणि मला कळत होतं की ही माफी मला मागितलेली नाही. माझ्या घरातलं कुणी गिरमिटावर आलं नव्हतं. दीदींच्या नातेवाइकांसाठी मी ‘इंडियावाली’ आहे, ड्रायव्हरसाठी मी त्याच भारतीयांपैकी एक आहे, आणि मतदार यादीत मी कुठेच नाही. पुढच्या निवडणुकीची चर्चा जोरात आहे आणि मी आवेशाने वाद घालते, पण मत माझं नाही. राग येतो तो म्हणूनच. हा देश मला अजून आपला म्हणत नाही, पण त्याच्याबद्दल कुणी खोटं बोललेलं मला सहन होत नाही.

कोकणात मात्र सातबाऱ्यावर माझं नाव आहे. भावाबरोबर सामायिक, आंब्याची बाग. बागेत नेपाळी राखणदार कुटुंबासह राहतो. फवारणीपासून पेट्या भरेपर्यंत सगळं तोच बघतो आणि कलमांची त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. त्याची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, मला फोनवर मराठी कविता म्हणून दाखवते. माझ्या मुलीला मराठी समजतं, वाचता येत नाही. मामेभावाच्या हिशेबात भूमिपुत्र मी.

राखणदाराच्या खोलीखालचे दोन गुंठे त्याच्या नावावर करावेत, असं मी भावाला सुचवलं आहे. भावाची ना नाही, पण वकिलांनी त्याला अडचणी सांगितल्या. शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला देता येत नाही, आणि नेपाळच्या नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय जमीनच घेता येत नाही. परवानगीविना फक्त भाडेपट्टा चालतो, तोही पाच वर्षांपर्यंतचा. दीदींच्या वडिलांना निदान तीस मिळाली होती.