पंचनाम्याबद्दल

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'सिंधूचं जागतिक सुवर्ण चार ओळींत उरकलं आणि बाकी लेखभर पुराचं रडगाणं. हा बॅडमिंटनचा ब्लॉग आहे की तलाठ्याचा पंचनामा?' पंचनाम्यावर हसलो, खोटं कशाला बोलू. दुसरा मुद्दा मात्र वर्मी लागला: पूर ऑगस्टच्या सुरुवातीचा, बासेलच्या जागतिक स्पर्धेची फायनल 25 ऑगस्ट 2019 ची, मग दोन्ही एकात का घुसवता?

तारखेचं तुमचं बरोबर आहे. 'घर पाण्यात असताना सिंधू जिंकली' हे मी ओघात लिहून गेलो. पाणी तेव्हा उतरलं होतं. पण तुम्ही बेळगावात टिळकवाडीत राहता म्हणून सांगतो, दूधगंगेकाठी पाणी उतरलं म्हणजे पूर गेला असं नसतंय. वरून काळम्मावाडी धरणाचं पाणी, खाली येडूरजवळ ती जिला मिळते ती कृष्णाच तुडुंब, मग आमच्या नदीनं जायचं कुठं? आमच्या सोप्यात आठ दिवस मुक्काम केला तिनं. जाताना वीतभर गाळ ठेवला आणि शिवारात कुजलेल्या उसाचा वास. गणपती आले तरी तो वास होताच. कपाटातली पिसांची शटलं निघाली ती भिजून मेलेल्या पिलांसारखी, एकमेकांना चिकटलेली.

त्या रविवारी संध्याकाळी पुतण्याला मोबाइल घेऊन उंबऱ्यावर बसवलं आणि मी त्याच कपाटाचं फुगलेलं दार पटाशीनं तासत होतो. तो ओरडून गुण सांगायचा. 21-7. परत 21-7. जपानच्या नोझोमी ओकुहाराचा खेळ 38 मिनिटांत आटोपला, माझं दार अजून चौकटीत अडकलेलंच. आईनं विचारलं, 'कोण जिंकलं रं?' सांगितलं. 'बरं झालं. आता बादली भरून आण.'

बॅडमिंटनमध्ये भारताला पहिल्यांदाच जगज्जेतेपद मिळालं आणि मी जेमतेम तीन-चार रॅली बघितल्या. म्हणून चार ओळी. न बघितलेला सामना बघितल्यासारखा रंगवायला मला जमत नाही. (जमणारे बरेच आहेत, असो.)

2017 ची ग्लासगोची जागतिक फायनल विचारा की! हीच ओकुहारा, 19-21, 22-20, 20-22, तब्बल 110 मिनिटं. दुसरा गेम संपवणारी ती 73 फटक्यांची रॅली बघताना चहा हातातच निवला होता. घर कोरडं होतं, टीव्ही जागेवर होता. हरलेला सामना पाठ आहे, जिंकलेला ऐकीव. याला मी काय करू?

लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलंय, पूर मात्र काढणार नाही. बासेलचीच तैवानच्या ताई त्झू-यिंगविरुद्धची उपांत्यपूर्व लढत, 12-21, 23-21, 21-19, मी अजून सलग बघितलेली नाही. तुम्ही तेव्हा बघितली असेल तर लिहून पाठवा, तुमच्या नावानं इथंच टाकतो.