व्हिडिओ घ्या म्हणताय, पण आवाजाचं काय?

लेखात म्हटलंय की पोर्ट्रेट (माणसांचे फोटो) काढणाऱ्यांनी व्हिडिओपण सुरू करावा, कॅमेऱ्यात सोय आहेच. सोय आहे हो, पण बेळगावात शहापूरला आमचा छोटा स्टुडिओ आहे, पहिलाच व्हिडिओ घेतला तो एका आजोबांच्या पंचाहत्तरीचा, फोटोच्या सवयीनं शटर (कॅमेरा उजेड किती वेळ आत घेतो ते) १/२५० सेकंदावर ठेवलेलं आणि वर जुनी ट्यूबलाईट, घरी येऊन बघतोय तर सगळ्या व्हिडिओत काळे पट्टे पळतायत. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणून असा लाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, शटर त्या लुकलुकण्याशी जुळेल असं, १/५० नाहीतर १/१०० ठेवायचं हे तेव्हा कळलं. फ्लॅश क्षणभरच पेटतो, व्हिडिओत तो कामाचाच नाही, कायम चालू राहणारे एलईडी लाईट घ्यावेच लागले. आणि आवाज! आजोबा मराठीत बोलता बोलता सूनबाईंशी मध्येच कन्नडमध्ये सुरू झाले, इतकं गोड होतं, पण कॅमेऱ्याच्या माईकमध्ये नुसता पंखा ऐकू येतोय. आता आधी कॉलर माईक लावतो, पंखा बंद, मग लोक घामाघूम होईनात का. रेट मात्र वेगळा सांगा बरं का, "फोटोसोबत जरा व्हिडिओपण घ्या की" म्हणणारे भरपूर भेटतात, एडिटिंगला दोन रात्री जातात ते कुणाला दिसतंय.