टॅनी ग्रे-थॉम्प्सनची पदकं मोजणं आता पुरे

टॅनी ग्रे-थॉम्प्सनबद्दल कुणीही लिहायला बसलं की सुरुवात पदकांपासून होते. ती एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलता येईल. ब्रिटनची खेळाडू, व्हीलचेअर रेसिंगची. १९८८ च्या सोलपासून २००४ च्या अथेन्सपर्यंत पाच पॅरालिम्पिक (अपंग खेळाडूंचं ऑलिम्पिक), १६ पदकं, त्यांतली ११ सुवर्ण. बार्सिलोना आणि सिडनीत प्रत्येकी चार सुवर्ण. लंडन मॅरेथॉन सहा वेळा जिंकली. २००५ मध्ये ‘डेम’ हा, ‘सर’च्या तोडीचा ब्रिटिश किताब मिळाला.

मला बोलायचंय ते वेगळ्याच कामाबद्दल. २०१० पासून टॅनी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची सदस्य आहे. कुठल्याही पक्षाची नाही. आणि तिथलं तिचं काम मला तिच्या सगळ्या पदकांहून मोठं वाटतं.

‘खेळातून निवृत्त झाली आणि सार्वजनिक कामाकडे वळली’ असं तिच्याबद्दल सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही, कारण ही मुलगी ट्रॅकवर नाव कमावण्याआधीपासूनच त्या वाटेवर होती.

जन्म १९६९ चा, वेल्समधल्या कार्डिफचा. जन्मतः स्पायना बायफिडा, म्हणजे मणक्याची वाढ अपुरी राहिलेली. शाळकरी वयातच व्हीलचेअर आली. मोठ्या शाळेत जायची वेळ झाली तेव्हा तिला अपंग मुलांच्या वेगळ्या शाळेत घालावं, असा अधिकाऱ्यांचा आग्रह होता. आईवडील अडून बसले. अपंग मुलांना शक्य तिथे सर्वसाधारण शाळेतच शिकवावं, असं सांगणारा वॉर्नॉक समितीचा अहवाल १९७८ मध्ये आला होता. त्याचा आधार घेऊन वडिलांनी थेट वेल्सच्या मंत्र्यावर खटला भरायची तयारी दाखवली. टॅनी पेनार्थच्या सेंट सायर्स शाळेत, बाकीच्या मुलांबरोबर शिकली. हक्काचं असेल ते हात जोडून मागायचं नसतं, कागदावर बोट ठेवून घ्यायचं असतं, हे तिने घरातच पाहिलं. पुढे लफबरो विद्यापीठात तिने विषय घेतला तोही राजकारण आणि सामाजिक प्रशासन. पदवी १९९१ ची, पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण १९९२ चं. आता सांगा, कोण कुठून कुठे वळलं?

खेळ तिने जीव ओतूनच केला, त्याबद्दल वाद नाही. रेसिंगची खुर्ची तीन चाकांची असते. पुढचं चाक लांब पुढे काढलेलं, मागची दोन वरच्या बाजूने आत कललेली. जाड हातमोजे घालून चाकाच्या कडीवर ठोसे मारत पळवायची. पॅरा खेळांत अपंगत्वानुसार गट असतात. टॅनीच्या गटातल्या खेळाडूंना पोटाच्या आणि कमरेच्या स्नायूंची साथ जवळजवळ नसते, सगळा भार खांद्यांवर आणि दंडांवर. अथेन्समध्ये ८०० मीटरला ती सातवी आली. पस्तिशीची बाई, लोकांनी मनातल्या मनात निरोप देऊन टाकला असणार. त्याच स्पर्धेत तिने १०० आणि ४०० मीटरचं सुवर्ण नेलं. तिच्या खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

पण पदकांनी काय मिळतं आणि काय मिळत नाही, हेही तिच्याकडेच बघून कळतं. सिडनीत चार सुवर्ण जिंकून आल्यावर, २००० सालच्या बीबीसीच्या वार्षिक क्रीडा पुरस्कारांत तिला तिसरा क्रमांक मिळाला. मंचावर जायला रॅम्पच नव्हता. बाकीचे विजेते मंचावर गेले, तिला पुरस्कार बसल्या जागी देण्यात आला. बीबीसीला नंतर माफी मागावी लागली. पुढे ती गरोदर राहिली तेव्हा तिच्यापुढे सर्वात आधी ठेवला गेलेला पर्याय गर्भपाताचा होता. अपंग बाईने आई व्हायचंच कशाला, हा त्यामागचा विचार. हे तिने स्वतः जाहीरपणे सांगितलंय. मुलगी २००२ च्या सुरुवातीला झाली आणि त्याच एप्रिलमध्ये टॅनीने लंडन मॅरेथॉन जिंकली. या मॅरेथॉनचं कौतुक फार होतं, त्या सल्ल्याबद्दल मात्र सगळे गप्प असतात.

हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तिने जे केलं त्याचे फोटो निघत नाहीत. २०१२ च्या कल्याणकारी योजनांच्या कायद्याने अपंगांचा जुना भत्ता जाऊन नवा आला, आणि त्याबरोबर नव्याने तपासण्या आल्या. त्या विधेयकावर ती कलमामागून कलम बोलत राहिली, दुरुस्त्या मांडत राहिली. गरिबांना मिळणाऱ्या कायदेशीर मदतीत कपात आली तेव्हाही तेच. २०१७ मध्ये तिने सरकारसाठी खेळाडूंच्या देखभालीबद्दल अहवाल लिहिला आणि खेळाडूंच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल नेमा, असं सांगितलं. इच्छामरणाच्या विधेयकाला तिचा ठाम विरोध आहे. या मुद्द्यावर माझं स्वतःचं मत अजून पक्कं नाही. पण ज्यांच्या जगण्याची किंमत समाज आधीच कमी धरतो, त्यांच्यावर याचा काय दबाव येईल, हा तिचा प्रश्न मला टाळता येत नाही.

आणि मग ऑगस्ट २०२४. पॅरिस पॅरालिम्पिकला निघालेली टॅनी लीड्सहून रात्रीच्या गाडीने लंडनच्या किंग्ज क्रॉसला उतरणार होती. रॅम्प घेऊन कुणी आलंच नाही. पंधरा मिनिटांहून जास्त वाट पाहून तिने सामान फलाटावर टाकलं, दाराशी खाली बसली आणि सरपटत उतरली. संसदेची सदस्य, १६ पदकांची मानकरी. रेल्वे कंपनीने माफी मागितली. तिने बोट ठेवलं ते पुन्हा कायद्यावरच: अपंगांशी भेदभाव करू नये म्हणून १९९५ मध्ये कायदा झाला आणि रेल्वेगाड्या अपंगांना वापरता येतील अशा करायला १ जानेवारी २०२० ही मुदत होती, तिचं काय झालं?

हे वाचून ‘तिकडेसुद्धा असं होतं’ म्हणून समाधान मानणाऱ्यांसाठी एक आठवण. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४५ आहे. असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. तुमच्या तहसील कचेरीचा किंवा नाट्यगृहाचा जिना डोळ्यासमोर आणा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुगम्यतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा.

राज्यसभेत राष्ट्रपतींनी नेमायच्या १२ जागा आहेत. त्यांवर खेळाडू नेमायची प्रथा आता रुळली आहे: २०१२ मध्ये सचिन, २०१६ मध्ये मेरी कोम, २०२२ मध्ये पी. टी. उषा. मला तिथे एखादी पॅरा खेळाडू बघायची आहे. पहिल्याच अधिवेशनात उठून कलम ४५ ची मुदत विचारणारी, आणि उत्तर येईपर्यंत दर अधिवेशनात तेच विचारत राहणारी. तुम्हाला कुणाचं नाव सुचतं?